माग काढणारी लेखणी: तिला शिकवले कोणी, पोसले कोणी?

वर्तमानपत्र उघडले की बातमी दिसते. ती मिळवण्यासाठी कोणी किती पायपीट केली, कोणती दप्तरे उलथीपालथी केली, आणि हे चालले असताना त्याच्या घरची चूल कशी पेटत होती, हे मात्र छापलेले नसते. वाचणाऱ्याला त्याचे कारणही पडत नाही. पण दडलेली गोष्ट हुडकून काढणारा, आकड्यांचा ताळा करून ती लोकांपुढे ठेवणारा पत्रकार हवा, असे आपण सारेच म्हणतो. तो कोठून यायचा? तो पावसाळ्यातल्या गवतासारखा आपोआप उगवत नाही. त्याला कोणीतरी शिकवावे लागते, काही काळ पोसावे लागते, आणि अडचणीच्या वेळी पाठीशी उभे राहावे लागते. आपल्या महाराष्ट्रात हे काम कोणी, केव्हा आणि कसे केले, त्याची हकीगत आज सांगायची आहे.

हकीगत बरीचशी पुण्या-मुंबईची आहे. पण कसोटीला आपण एक लहान गाव घेऊ. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडाव लागते. गणपतीचे देऊळ, लहानशी बाजारपेठ, भोवती भाताची खाचरे आणि डोंगराच्या अंगाला ठाकूर व कातकरी वाड्या. दिवाळी सरली की कातकऱ्यांची बिऱ्हाडे वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. मुंबई जवळ, म्हणून शेतजमिनीवर शेतघरे उठत आहेत. आता समजा, या गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीच्या मनात प्रश्न आला: आमच्या वाडीची नळयोजना कागदावर पुरी झाली म्हणतात, मग हंडा डोक्यावर का? रोजगार हमीच्या हजेरीपटावरची सगळी माणसे खरोखर कामावर होती का? डोंगराकडची जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर, केव्हा आणि कोणाच्या परवानगीने गेली? असा प्रश्न मनात येणे ही पत्रकारितेची सुरुवात झाली. पण तेवढ्यावर लेख होत नाही. त्याला चार गोष्टी लागतात: शिक्षण, सवड, कागद आणि पाठीराखा. या चारांपैकी एक जरी नसली, तरी काय होते, ते इतिहासातच पाहू.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले. तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांची परंपरा धरतात. पण जागेवर जाऊन चौकशी करायची, माहिती गोळा करायची आणि ती सरकारपुढे मांडायची, हा शिरस्ता पाडला तो २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे तिचे प्रवर्तक. पुढच्याच वर्षी महादेव गोविंद रानडे पुण्यास आले आणि सभेला अभ्यासाची बैठक मिळाली. या सभेचा एक नियम आजही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सभासद व्हायचे तर किमान ५० लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. ‘मी बोलतो तो कोणाच्या वतीने?’ या प्रश्नाचे उत्तर आधी, भाषण नंतर.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. सभेने आपली माणसे दुष्काळी मुलखात पाठवली. पीक किती बुडाले, धान्याचा भाव काय, गुरे किती उरली, सरकारी कामावर मजुरीचे काय चालले आहे, ही हकीगत गावागावांतून पुण्याला येऊ लागली. ती जुळवून सभा सरकारकडे पत्रांमागून पत्रे धाडी. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबाने मजुरी धरली होती. खडी फोडणाऱ्या माणसाचे पोट एवढ्यावर भरत नाही, हे सभेने सरकारला परोपरीने दाखवून दिले. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले आणि दुष्काळाची ही टिपणे त्यात उतरली. त्या काळी ‘शोधपत्रकारिता’ हा शब्द कोणाच्या कानावरून गेला नव्हता. पण काम तेच होते. माहिती आणणारी माणसे गावोगाव, ती तपासणारा रानड्यांसारखा जाणता पुण्यात आणि छापायला स्वतःचे त्रैमासिक, अशी तिहेरी सोय सभेपाशी होती. म्हणूनच सरकारला तिचे म्हणणे आवडले नाही, तरी हसण्यावारी नेता आले नाही.

याच मंडळींत आणखी एक जोशी होते, गणेश व्यंकटेश जोशी. ते सरकारी शाळेत शिक्षक होते, पुढे हेडमास्तर झाले. शाळेच्या कामातून उरलेला वेळ ते सरकारी अंदाजपत्रके, व्यापाराची कोष्टके आणि शेतसाऱ्याचे अहवाल वाचण्यात घालवीत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ साली कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले, ते देशभर गाजले. सरकारी शिलकेचा अर्थ गरिबांवर जरुरीपेक्षा जास्त कर, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले. त्या आकड्यांच्या मागे सोलापूरसारख्या गावी बसून वही भरणारे हे शाळामास्तर होते. भाषणाला टाळ्या पडतात, कोष्टकाला पडत नाहीत. पण कोष्टक नसते तर ते भाषण उभेच राहिले नसते.

आता पाच वर्षे मागे जाऊ, कारण याच गोखल्यांच्या आयुष्यातला एक कडू प्रसंग आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. घरोघर तपासणी करायला गोरे सोल्जर लावले होते आणि लोक त्यांच्या वागणुकीने संतापले होते. गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याच्या मित्रांकडून त्यांना पत्रे येत. सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची गोष्ट त्या पत्रांत होती. गोखल्यांनी ती तिथल्या वर्तमानपत्रातून जाहीर केली. गदारोळ झाला. मुंबई सरकारने इन्कार केला आणि पुरावा मागितला. इकडे २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली होती, धरपकड चालू होती, पुण्यावर दहशत होती. गोखले परत आले, तेव्हा नाव देऊन पुढे यायला कोणी तयार होईना. ज्यांनी पत्रे लिहिली, त्यांची नावे सांगणे म्हणजे त्यांना सरकारच्या तोंडी देणे. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. त्यांनी ऑगस्टमध्ये बिनशर्त माफी मागितली आणि दोन्हीकडचे बोल सोसले. सरकारपक्षाने त्यांना खोटे म्हटले, आपल्यातल्या कित्येकांनी भित्रे म्हटले.

वाचकहो, या प्रसंगाकडे नीट पाहा. सोल्जरांची वागणूक चांगली होती, असे या माफीने ठरत नाही. लोकांच्या तक्रारी होत्याच. पण ऐकलेली गोष्ट आणि सिद्ध केलेली गोष्ट यांच्यामध्ये जे अंतर असते, ते चालून जायला गोखल्यांजवळ त्या वेळी माणसे नव्हती. घटनास्थळ हजारो मैल दूर; साक्षीदाराला भेटणे नाही, जबानी लिहून घेणे नाही, दुसऱ्या बाजूला विचारणे नाही. हेतू शुद्ध होता, धैर्यही होते. पडताळा नव्हता. आणि पडताळा नसला की खरी गोष्टसुद्धा खोटी पडते. हा धडा साऱ्या पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात पहिल्या पानावर असायला हवा.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्यामागे अनेक हेतू होते. पण तिच्या नियमांत आपल्या विषयाचे एक कलम आहे. नव्या सभासदाची पाच वर्षे उमेदवारीची. काही काळ पुण्याच्या ग्रंथालयात बसून राज्यकारभार, अर्थशास्त्र, इतिहास यांचा अभ्यास करायचा आणि काही काळ देशभर हिंडून लोकस्थिती डोळ्यांनी पाहायची. या काळात त्याच्या पोटापाण्याची सोय संस्थेकडे. ती बेताचीच असे, पण उद्याची चिंता नसे. आज ज्याला आपण ‘फेलोशिप’ म्हणतो, ती याहून निराळी काय असते? शिक्षण आणि सवड, दोन्ही एका छपराखाली मिळाली. पुढे १८४९ पासून चालत आलेले ‘ज्ञानप्रकाश’ हे पत्र संस्थेकडे आले, म्हणजे छापायचीही सोय झाली. आणि १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून संस्थेच्याच आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळांनी तिथे गावोगाव आणि घरोघर फिरून पाहणी करण्याची शिस्त लावली. प्रश्नावली कशी करावी, घरे कशी निवडावीत, सरासरी कोठे फसवते, हे तिथे शिकवले गेले.

आपल्या जिल्ह्याचा एक माणूस या शाळेतून गेला. नारायण मल्हार जोशी हे मूळचे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. १९०९ साली ते भारत सेवक समाजात आले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली आणि पुढे कायदेमंडळात कामगारांची बाजू वर्षानुवर्षे मांडली. चाळीतल्या खोलीत किती माणसे राहतात आणि कामाचे तास किती, हे त्यांना ऐकीव नव्हते.

शिक्षणाइतकेच भांडवलही लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले. त्याच वर्षी बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी विलायतेला गेले आणि पत्र तीन-साडेतीन वर्षांतच बंद पडले. मदत मिळाली म्हणून पत्र निघाले. ती कायमची नव्हती म्हणून टिकले नाही. कुलाबा जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला. जमीन पड ठेवली, लाकडे विकून दिवस काढले. त्यांचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली ‘कृषीवल’ काढले. खंडी किती पिकली, खोताच्या कोठारात किती गेली आणि कुळाच्या घरी किती उरली, हा हिशेब छापायला कुळांचे स्वतःचे पत्र लागले, यातच सारे आले.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठे या विषयाकडे वळली. १९५२ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आणि १९६४ मध्ये पुणे विद्यापीठात, रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत, वृत्तपत्रविद्येचे वर्ग सुरू झाले. बातमी कशी लिहावी, मथळा कसा द्यावा, हे तिथे रीतसर शिकवू लागले. कागदाचा माग कसा काढावा, हे मात्र बरेचसे कामावरच शिकायचे राहिले. त्या काळात श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’ साप्ताहिकाने आणि ‘साधना’ने तरुण लेखकांना समाजात हिंडून लिहायला जागा दिली, ही मराठीतली मोठी पुण्याई. अनिल अवचटांचे पहिले पुस्तक ‘पूर्णिया’ १९६९ मध्ये आले, ते बिहारमधल्या दारिद्र्याविषयी. संपादकाने ‘जा, पाहून ये, मग लिही’ एवढे म्हणणे, हेसुद्धा एक प्रशिक्षणच असते.

आता जरा परमुलखात डोकावू, म्हणजे आपल्याकडच्या गोष्टीचे वजन कळेल. अमेरिकेत फिलिप मेयर नावाचे एक वार्ताहर १९६६-६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नीमन फेलो म्हणून वर्षभर शिकायला गेले आणि त्यांनी समाजशास्त्रीय पाहणीचे तंत्र आत्मसात केले. ते संपते न संपते तोच १९६७ च्या जुलैत डेट्रॉइट शहरात मोठी दंगल झाली. लोक सरसकट म्हणत होते की दंगल करणारे म्हणजे अडाणी, दक्षिणेकडून नुकतेच आलेले उपरे. मेयर यांनी तिथल्या ४३७ कृष्णवर्णीय रहिवाशांच्या मुलाखती शास्त्रशुद्ध रीतीने घेतल्या आणि यंत्रावर त्यांचा हिशेब केला. निष्कर्ष उलटा निघाला. कॉलेजात गेलेले लोकही दंगलीत तितकेच होते, आणि दक्षिणेतून आलेल्यांपेक्षा उत्तरेतच वाढलेल्यांचे प्रमाण अधिक होते. एका वर्षाच्या सवडीने एका शहराचा गैरसमज दूर केला. दुसरे उदाहरण सीमोर हर्श यांचे. व्हिएतनाममधल्या माय लाय गावी १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन सैनिकांनी निरपराध गावकऱ्यांची कत्तल केली होती. तिचा माग काढायला हर्श यांना एका नव्या निधीने आधी २५० आणि मग २,००० डॉलर दिले. प्रवासखर्च निघाला, साक्षीदार सापडले, आणि १९६९ च्या नोव्हेंबरात ती बातमी जगापुढे आली. केवढी बातमी आणि केवढी रक्कम!

आपल्याकडे याला जोड शोधायची तर पी. साईनाथ यांचे नाव घ्यावे लागते. १९९३ मध्ये मुंबईच्या एका मोठ्या इंग्रजी वृत्तपत्राची पाठ्यवृत्ती त्यांना मिळाली. पाच राज्यांतल्या अतिशय गरीब अशा दहा जिल्ह्यांत ते हिंडले. सुमारे एक लाख किलोमीटर प्रवास केला, त्यातला बराच पायी. पाठ्यवृत्तीचे पैसे संपले तेव्हा पदरमोड केली. ८४ वृत्तान्त छापून आले आणि १९९६ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. पुढे २०१४ च्या डिसेंबरात त्यांनी मुंबईतून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे लोकदप्तर सुरू केले. तिथे खेड्यांतल्या माणसांच्या श्रमाची, कलेची, दुःखाची नोंद होते आणि ती मराठीसह अनेक भाषांत उतरते. ग्रामीण वार्ताहरांना पाठ्यवृत्ती देण्याचेही काम या संस्थेने केले आहे.

शिक्षण झाले, सवड झाली. तिसरी गोष्ट कागद. पूर्वी सरकारी दप्तर म्हणजे साहेबाच्या कुलपातली वस्तू. अण्णा हजारे आणि इतरांच्या चळवळीनंतर महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून साऱ्या देशाचा कायदा अमलात आला. अर्जाला दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. नाही मिळाले तर अपील. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तो साधारण १५० शब्दांत लिहायचा. म्हणजे नेमके विचारण्याची विद्या आली. २०२३ साली संसदेने केलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात या कायद्याचे एक कलम बदलण्याची तरतूद झाली आणि ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ म्हणून नकार देण्याची वाट रुंद झाली, हेही लक्षात ठेवावे. मिळालेला हक्क वापरात ठेवला तरच धारेवर राहतो.

या कागदाची ताकद कर्जत तालुक्याने पाहिली आहे. उल्हास नदीवर कोंढाणे येथे धरण घाटले होते. २०११ मध्ये त्याचा ठेका दिला गेला आणि पाहता पाहता त्याचा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पटींनी वाढला. अंजली दमानिया यांनी माहितीच्या अधिकारात कागद मागवले, २०१२ मध्ये वर्तमानपत्रांनी ते प्रकरण लावून धरले, आणि २०१६ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम. आपल्यापुरते एवढेच की वाडीच्या वरच्या अंगाला चाललेल्या कामाचा हिशेब एका अर्जाने चव्हाट्यावर आला.

पण त्याच वर्षीची दुसरी गोष्ट तितकीच बोधप्रद आहे, आणि ती आकड्यांच्या शिक्षणाची आहे. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणी अहवालात एक कोष्टक होते. एकूण पिकाखालच्या क्षेत्रात सिंचित क्षेत्राचे प्रमाण दशकाच्या आरंभी १७.८ टक्के आणि २००९-१० मध्ये १७.९ टक्के. पत्रकारांनी ते हेरले. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च आणि वाढ अवघी ०.१ टक्का! महाराष्ट्र हादरला. उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि काही महिन्यांतच ते पदावर परत आले. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली, तिच्यात वाढ पाच टक्क्यांहून अधिक असल्याचे म्हटले. मग खरे काय?

इथे नुसता उत्साह कामाचा नाही. १७.८ चे १७.९ झाले, याला ‘एक दशांश टक्का वाढ’ म्हणणे आणि ‘प्रमाणात एक दशांश टक्क्याचा फरक’ म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारण खाली भागणारी पिकाखालची जमीन स्वतःच कमीजास्त होते. ‘सिंचनक्षमता निर्माण झाली’ याचा अर्थ पाणी शेतात पोहोचले असा नव्हे. विहिरीचे पाणी हिशेबात धरले का, हा आणखी प्रश्न. आणि ७० हजार कोटींचा खर्च आणि ७० हजार कोटींचा भ्रष्टाचार यांत तर आकाशपाताळाचे अंतर आहे. घाईत लिहिणाऱ्या कित्येकांनी ते एक करून टाकले. चूक सापडली की चौकशी टाळू पाहणाऱ्याला आयते निमित्त मिळते. पुढे काही वर्षे तर पाहणी अहवालात सिंचनाची टक्केवारी छापलीच गेली नाही. आता तो आकडा मुळात कोठून येतो, ते पाहा. गावच्या चावडीवर तलाठ्याने केलेल्या पीकपाहणीच्या नोंदी तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून पुण्या-मुंबईला चढत जातात. २०२१ पासून शेतकरी मोबाइलवरूनही आपल्या पिकाची नोंद करू लागला आहे. म्हणजे मंत्रालय हादरवणाऱ्या आकड्याचे मूळ कडावच्या चावडीसारख्या ठिकाणीच असते. आणि तो तपासण्याची सर्वांत चांगली सोय कोणाला? ज्याला शेजारचे शेत ओले की कोरडे हे डोळ्यांनी दिसते, त्याला.

उरली चौथी गोष्ट, पाठीराखा. याविषयी सांगताना जीभ जड होते. कोकणातल्या राजापूर तालुक्यात शशिकांत वारिशे हे पत्रकार तेल शुद्धीकरण प्रकल्पाविषयी बातम्या देत असत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांच्या दुचाकीला जीपची धडक बसली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धच्या कायद्याचे विधेयक आपल्या विधिमंडळाने २०१७ मध्येच संमत केले होते. कायदा हवाच, पण तो घटना घडून गेल्यावर धावतो. तालुक्याच्या गावी लिहिणारा माणूस बहुधा एकटा असतो. बातमीदारीवर पोट भरत नाही, म्हणून त्याला दुकान, शिकवणी किंवा वर्तमानपत्राच्या जाहिराती गोळा करण्याचे काम करावे लागते. आणि ज्याची जाहिरात, त्याच्याविरुद्ध लिहायचे कसे? शहरातल्या पत्रकाराला कचेरी असते, वकील असतो. गावातल्याला ओळखणारे सगळे असतात आणि बरोबर येणारे थोडे.

तुम्ही म्हणाल, हे सगळे खरे. पण आमच्या कडावच्या मुलीने करायचे काय? आजची सोय पूर्वीपेक्षा थोडी बरी आहे. पुणे, मुंबई, नागपूर येथे विद्यापीठांचे वर्ग आहेत. २००३ मध्ये उभे राहिलेले ग्लोबल इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम नेटवर्क कागदपत्रे, जमीनजुमला, कंपन्यांचे हिशेब यांचा माग कसा काढावा, याची पाठ्यपुस्तके विनामूल्य देते आणि जगभरच्या पाठ्यवृत्तींची माहितीही. अडचण एवढीच की असले साहित्य बहुतेक इंग्रजीत आहे. सातबारा, आठ अ, फेरफार, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, हजेरीपट, ग्रामसभेचा ठराव हे कागद कसे वाचावेत, त्यांत खाडाखोड कशी ओळखावी, आदिवासीच्या जमिनीच्या व्यवहाराला कोणाची परवानगी लागते, हे सांगणारे साधे मराठी पुस्तक तालुक्या-तालुक्याच्या वाचनालयात असायला हवे. परदेशातले तंत्र शिकून येणारा एक जण आणि चावडीचे कागद जाणणारे दहा जण, अशी जोडी जमली तर काम होईल.

आणि सुरुवात लहान करावी. एक वाडी, एक योजना, एक प्रश्न. कागदावर नळ किती, ते अर्ज करून मिळवावे. मग घरोघर जाऊन पाणी येणारे नळ मोजावेत. मोजणीला दोघे असावेत, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला दिसते. तारीख, वेळ, नाव वहीत लिहावे. ज्याने विश्वासाने सांगितले, त्याचे नाव सांभाळावे. सरपंचाला, ग्रामसेवकाला, ठेकेदाराला त्यांचे म्हणणे विचारावे आणि तेही छापावे. गोखल्यांना १८९७ मध्ये जे अंतर चालून जाता आले नाही, ते हेच. कडावपासून वाडीपर्यंत ते अर्ध्या तासाचे आहे.

राहता राहिला मदतीचा प्रश्न. ती सारी बाहेरूनच यायला हवी असे नाही. प्रत्येक गावात निवृत्त शिक्षक असतात, ज्यांना त्रैराशिक आणि शेकडेवारी झोपेतही येते. एखादा निवृत्त तलाठी असतो, ज्याला फेरफाराच्या नोंदीतली मेख पहिल्या नजरेत कळते. कर्जतच्या कोर्टात काम करणारा एखादा वकील असतो, ज्याला छापण्याआधी मजकूर दाखवता येईल. गणेश व्यंकटेश जोशी हेही शाळामास्तरच होते आणि सार्वजनिक सभेच्या मुखत्यारपत्रावरच्या ५० सह्या साध्या गावकऱ्यांच्याच असत. त्या मुलीला आकडे तपासून देणारा एक मास्तर आणि ‘ही आमच्या वतीने विचारते आहे’ असे सहीनिशी सांगणारी ५० माणसे मिळाली, तर तिला एकटी गाठणे अवघड जाईल. ती सही करणाऱ्यांत, वाचकहो, तुमचे नाव असावे.